अकरा मिनिटांची बचत

२ मार्च, रविवार. दुपारी ४.

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.

मुलीकडे जेवायला गेलो होतो. जावयाने टीव्हीवर मोटारींची शर्यत लावली होती. मला त्यात काही रस नव्हता. मग एक गाडी मध्येच थांबली, हेल्मेटवाली चार माणसं धावली, एकाने जाडजूड पाइप खुपसला, काढला, गाडी गेली. बोटांवर मोजलं. तीन सेकंद.

जावयाला म्हटलं, परत दाखवा. त्यांनी मागे नेऊन दाखवलं. सात वेळा. मुलगी म्हणाली, बाबा, ताट गार होतंय. म्हटलं, होऊ दे.

अकरा वर्षं दुसऱ्याच्या पंपावर पेट्रोल भरलं, एकोणीस वर्षं स्वतःचा पंप चालवतोय, आणि ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. म्हणजे कोणीतरी दाबून ठेवली आहे.

माझ्या पंपाचा रोग सापडला. समोर, रस्त्यापलीकडे, पाच महिन्यांपूर्वी नवा पंप आला. काचेची केबिन, स्वच्छ संडास. तेव्हापासून माझी विक्री उतरतेय. कंपनीचे साहेब स्पष्ट बोलून गेलेत की ३० एप्रिलला करार संपतो, तोवर विक्री सावरली नाही तर पंप दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ. ही (बायको) आठ दिवस नीट झोपलेली नाही. मी झोपतो. मला स्वतःवर विश्वास आहे.

निश्चय: साठ दिवसांत जगातला सर्वांत वेगवान पंप.


३ मार्च. सकाळी ११.

स्टॉपवॉच घेतलं. मास्तरवर लावलं.

मास्तर म्हणजे माझा सगळ्यात जुना माणूस. आम्ही दोघं एकाच दिवशी कामाला लागलो होतो, एकाच मापाचे गणवेश मिळाले होते. मी मालक झालो, तो मास्तर राहिला. मी त्याला सोबत आणला. माणुसकी आपल्यात आहे. आणल्याच्या पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं की आता अरे-तुरे बंद, शेठ म्हणायचं. तेव्हापासून म्हणतो.

गाडी आत येण्यापासून बाहेर जाईपर्यंत मास्तरची वेळ: चार मिनिटं वीस सेकंद. त्यात पेट्रोल वाहतं ते पंचेचाळीस सेकंद. उरलेल्या वेळात तो काच पुसतो, मीटरवरचं शून्य दाखवतो, टायर लाथेने चाचपतो आणि गुडघ्यांची चौकशी करतो. लोकांचे गुडघे. आज डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांच्या सासूचा गुडघा दोन मिनिटं चालला. डॉक्टर त्या, आणि सल्ला मास्तर देत होता.

निष्कर्ष: पेट्रोल फार हळू वाहतं.

हिला आकडे दाखवले. ही कॅशच्या खिडकीत बसते आणि तिथून जगाकडे बघते. म्हणाली, पेट्रोल पाऊण मिनिट, गप्पा साडेतीन मिनिटं. मग तुम्ही वेग कशाचा वाढवणार. म्हटलं, पेट्रोलचा. गप्पांना पाइप लावता येत नाही.


५ मार्च. सकाळी ७.३०.

लवकर येऊन पंपाच्या तयारीवर घड्याळ लावलं. धक्कादायक.

मास्तर रोज उघडायच्या आधी जमिनीतल्या टाकीत एक लांब सळई सोडतो. त्याला डिप म्हणतात. सळईच्या टोकाला पेस्ट लावतो. टाकीत पाणी शिरलं असेल तर पेस्ट लाल होते. मग सळई पुसतो, उन्हात धरतो, वहीत लिहितो, टाकीचं झाकण सात वेढे देऊन आवळतो. अकरा मिनिटं. एखादा दात घासतो तशी सळई घासतो.

विचारलं, हे रोज कशाला. म्हणाला, शेठ, पाणी जड, पेट्रोल हलकं. पाणी तळाला बसतं, वरून कळत नाही. आपला पाइप तळाच्या जरा वरून ओढतो. पाणी त्या पाइपापर्यंत चढलं की एकदम गिऱ्हाइकाच्या टाकीत. तोवर कोणाला पत्ता लागत नाही.

एकोणीस वर्षांत किती वेळा लाल झाली, विचारलं. म्हणाला, दोनदा.

हिशेब केला. रोज अकरा मिनिटं, एकोणीस वर्षं. त्रेपन्न दिवस. माझ्या आयुष्याचे त्रेपन्न दिवस या माणसाने सळई पुसण्यात घालवले आणि त्यातून मला दोन लाल ठिपके मिळाले.

उद्यापासून डिप बंद. तो म्हणाला, शेठ, बाकी काही बंद करा. मी घड्याळाकडे बघितलं. त्याला समजलं.


८ मार्च.

साहेबांना फोन केला. विचारलं, शर्यतीतलं ते यंत्र तुम्ही पंपांना का देत नाही. आधी हसले. मग समजावायला लागले. साहेब हुशार आहेत, पण नोकरीतली माणसं शेवटी नोकरीतलीच.

म्हणाले, पेट्रोल पाइपातून फार जोरात पळवलं की त्यात वीज साठते, ठिणगी पडली तर तुम्ही, मी आणि पंप तिघंही जाऊ. मी म्हटलं, मला तुमच्यासोबत जायला आवडेल. हसले नाहीत. म्हणाले, शर्यतीतल्या गाडीच्या टाकीला खास तोंड असतं, पाइप त्यात कुलपासारखा बसतो, पेट्रोल एका वाटेने जातं आणि आतली हवा दुसऱ्या वाटेने बाहेर येते. रस्त्यावरच्या गाडीचं नरडं बोटभर. त्यात इतक्या जोरात ओतलंत तर तोंडावर उलटेल. म्हणाले, तिथे भरणारे अंगात आग न लागणारे कपडे घालतात, शेजारी एक जण आग विझवायला नुसता उभा असतो, आणि तरीही आगी लागल्या म्हणून कित्येक शर्यतींत त्यांनीच ते बंद केलंय. आणि हे सगळं करून तुम्ही वाचवणार काय, तर अर्धं मिनिट. ते गिऱ्हाईक पाकीट शोधण्यात घालवतं.

मी सगळं लिहून घेतलं. यातून घेण्यासारखे मुद्दे: कपडे, आणि नुसता उभा राहणारा माणूस.

माझे कान तिखट. फोनवर हात ठेवून साहेब शेजारच्या कोणाला तरी म्हणाले, याच्या घरचा टीव्ही कोणीतरी काढून न्या रे. म्हणजे ही माहिती बाहेर गेलेली त्यांना नको आहे. माझा संशय खरा होता.


११ मार्च.

वर्कशॉपवाल्याला बोलावलं. चार इंची पाइप, उघडबंद करायला दांडा, उंच लोखंडी घोड्यावर दोनशे लिटरचं पिंप. जागा दिली कॅनपीच्या (पंपावरच्या छपराच्या) खांबापाशी, टाकी भरायच्या खड्ड्याला लागून; जमिनीतल्या टाकीचं तोंड त्याच खड्ड्यात आहे. तिथे सगळ्यांना दिसतं.

वर्कशॉपवाला म्हणाला, यात पेट्रोल घालणार असाल तर मी आत्ताच घरी जातो, आणि तुम्हीही जा. मी त्याला समजावलं की मी जबाबदार माणूस आहे, सगळा सराव पाण्यावरच होणार. तेव्हा तयार झाला. जाताना म्हणाला, दांड्यातला वॉशर तात्पुरता टाकलाय, पूर्ण बंद होत नाही, काम झालं की पिंप रिकामं करत जा.

रिकामं करायचं, परत भरायचं. किती मिनिटं. पिंप कायम भरलेलं राहील. सदैव सज्ज.


१४ मार्च. दुपारी १.

ऐतिहासिक दिवस. मागच्या आवारात एका गिऱ्हाइकाने सहा वर्षांपूर्वी सोडून दिलेली गाडी आहे. ती ढकलत पुढे पिंपापाशी आणली. तिच्यावर पहिली चाचणी.

पाइप धरायला लंबू, दांड्यावर डुलक्या. हे माझे दोन भरणारे. लंबू उंच आहे, डुलक्या उभ्याने झोपतो. मी शिट्टी वाजवली.

दोन सेकंदांत टाकीत दीड लिटर पाणी गेलं आणि बाकीचं लंबूच्या तोंडावर आलं. कारंजं चांगलं कॅनपीच्या पत्र्यापर्यंत. रस्त्यापलीकडे टाळ्या वाजल्या. समोरच्याच्या पंपावरही लोक दाद देतात.

निष्कर्ष: वेग सिद्ध झाला. दिशेचं बघावं लागेल.

तेवढ्यात मास्तर म्हणाला, शेठ, आतली हवा बाहेर यायला नको का. हुबेहूब साहेबांचं वाक्य. हे दोघं बोलतात की काय. सगळ्यांसमोर सांगितलं, तुला हवेची एवढी काळजी ना, मग उद्यापासून हवेवर जा. लंबू हसला. नाकातून पाणी आलं त्याच्या.

मास्तरने आपला काच पुसायचा फडका घडी करून खिशात घातला आणि कोपऱ्यातल्या हवेच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. उद्यापासून म्हटलं होतं, आजच गेला. शिस्त लागतेय.


१७ मार्च.

डॉक्टरीणबाई आल्या, पेट्रोलपाशी थांबल्याच नाहीत, सरळ हवेपाशी गेल्या. चारही चाकांत हवा. दहा मिनिटं. शाळेच्या बसवाला, फुलवाल्या बाई, वकील, सगळे हवेला. वकिलाने तर दोन दिवसांत तीनदा हवा भरली.

निष्कर्ष: रस्ते फार खराब झालेत.


१८ मार्च.

आजच्या सुधारणा. पाइपाचं तोंड जमिनीवर लोळतं, डुलक्या दोनदा अडखळला. ते आता टाकी भरायच्या खड्ड्यात ठेवायचं. खड्डा एरवी रिकामाच असतो. दुसरं, टाकीच्या झाकणाला सात वेढे द्यायची काही गरज नाही. टँकर आला की सात उघडा, गेला की सात लावा. झाकण नुसतं वर ठेवायचं. दर वेळी वीस सेकंद.

बारीक बारीक गोष्टींतूनच माणूस वर येतो. मी आलो तसा.


२१ मार्च. सकाळी ८.

पिंप अर्धं रिकामं. लंबूवर संशय घेतला, तो शपथा घ्यायला लागला. मग खड्ड्यात वाकून बघितलं. पाइपाचं तोंड ओलं, पण खड्ड्यात पाणी साचलेलं नाही. म्हणजे गळत नाही.

निष्कर्ष: बाष्पीभवन. ऊन तापतंय.

पिंप काठोकाठ भरायला सांगितलं. सदैव सज्ज.


२२ मार्च. दुपारी ३.

कपडे आले. आग न लागणारं कापड महाग. शिंप्याने घोंगडीचं लाल कापड सुचवलं, म्हणाला, जाड आहे, सहज पेटणार नाही. तीन झगे, तीन हेल्मेट. लंबूचा झगा गुडघ्यापर्यंतच येतो.

तिसरा मास्तरला. नुसता उभा राहणारा माणूस तोच. आग विझवायचं नळकांडं हातात धरायचं आणि हलायचं नाही. कोणी हवेला आलं तरी हलायचं नाही. त्याचं स्टूल केबिनमागे ठेवलं. शर्यतीत कोणी बसत नाही.

तो दोन तास वीस मिनिटं उभा राहिला. मग बसला, म्हणजे पडला. हिने खिडकीतून बाहेर येऊन त्याचं हेल्मेट काढलं, पाणी दिलं, आतली स्वतःची खुर्ची आणून त्याला बसवलं. मला म्हणाली, तुमच्या बरोबरीचा माणूस आहे तो. म्हटलं, बरोबरीचा होता. आणि मी स्टॉपवॉच थांबवलं नव्हतं, सहा मिनिटं गेली.

डोळे मिटून बसलेला मास्तर हळूच म्हणाला, वहिनी, त्याला पाणी द्या, तोही उन्हात उभा आहे. उन्हाने डोकं फिरल्याचं लक्षण. मला त्याने ‘तो’ म्हटलं. मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.


२५ मार्च.

पिंप पुन्हा रिकामं, या वेळी पूर्ण. भरलं. यंदाचा उन्हाळा विक्रमी असणार.


२६ मार्च.

हिने बोलावलं. म्हणाली, केबिनमधल्या पडद्यावर टाकीतला साठा वहीपेक्षा तीनशे लिटरने जास्त दिसतोय. जास्त कसा होईल, पेट्रोलला पिल्लं होतात का.

मला क्षणात उलगडलं. आपल्या माणसांचा वेग वाढला, सांडणं थांबलं, साठा वाचला. हिला सांगितलं. ही बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. अभिमान असा पटकन बोलून दाखवता येत नाही तिला.

मग म्हणाली, मास्तरला एकदा डिप घेऊ द्या. म्हटलं, पडदा सांगतोय ना साठा वाढलाय, मग सळई काय वेगळं सांगणार.


२८ मार्च. सायंकाळी ५.

मास्तर काम सोडून गेला. समोरच्याकडे.

जाताना मला भेटला. झगा घडी करून आणला होता. म्हणाला, शेठ, येतो. मी म्हटलं, तुझी सरासरी चार वीस आहे, समोरच्याला फसवतोयस. तो म्हणाला, त्याने वेळ विचारली नाही.

मग खिडकीपाशी गेला. मी कॅनपीखाली होतो, पण माझे कान. म्हणाला, वहिनी, ही पेस्टची ट्यूब ठेवा, रोज एकदा सळई टाकायला सांगा त्याला. ही म्हणाली, तूच सांग ना. तो म्हणाला, मी सांगितलं की तो मुद्दाम टाकत नाही, तुम्ही सांगितलं तर विसरून तरी टाकेल. ही म्हणाली, तीस वर्षं तू त्याला ओळखतोस आणि मी सत्तावीस, आणि दोघांनाही अजून आशा आहे. दोघं हसले. मग हिने पदर डोळ्याला लावला. पेट्रोलच्या वासाचा त्रास होतो तिला.

एक अडथळा दूर.


४ एप्रिल.

पिंप पुन्हा भरलं. आता हिशेब ठेवत नाही.

आणि आनंदाची बातमी. पंपावर रांगच उरली नाही. सकाळी नऊला, भर गर्दीच्या वेळी, एकही गाडी थांबून नाही. वेगाचा याहून मोठा पुरावा काय हवा. समोरच्याकडे रांग रस्त्यावर आलीय. बिचारा. मास्तरला घेतल्यावर दुसरं काय होणार.


९ एप्रिल.

लंबू आणि डुलक्याची सरासरी एक मिनिट पाच सेकंद. काच पुसणं बंद, शून्य दाखवणं बंद, बोलणं बंद. गिऱ्हाइकाने काही विचारलं तर हेल्मेटमधून मान हलवायची.

घाईत पेट्रोलच्या टाकीची झाकणं गाडीच्या टपावर राहतात आणि वळणावर पडतात. आतापर्यंत नऊ जमली. केबिनमध्ये रांगेने मांडून ठेवलीत. लोक किती विसराळू. परत न्यायलाही येत नाहीत.


१६ एप्रिल.

टँकर आला. विक्री कमी असल्यामुळे, म्हणजे साठा वाचत असल्यामुळे, थोडंच घेतलं. टँकरवाला म्हणाला, डिप घ्या, मग ओततो. म्हटलं, माझ्या पंपावर डिप होत नाही. तो म्हणाला, पहिलाच पंप बघतोय. म्हटलं, बघून घे.

झाकण उचलताना म्हणाला, हे नुसतंच ठेवलंय. म्हटलं, वीस सेकंद. त्याने माझ्याकडे बघितलं आणि कागदावर माझी सही घेतली. दोनदा.


२१ एप्रिल.

२८ला साहेब येणार, शेवटची पाहणी. मी पत्ते काढून बारा जुन्या गिऱ्हाइकांना कार्डं पाठवली. प्रात्यक्षिक, टाकी फुकटात फुल, चहा. डॉक्टरीणबाई, वकील, फुलवाल्या बाई, बसवाला, सगळे. ही म्हणाली, ते मास्तरसाठी यायचे, आता कशाला येतील. मग स्वतःच बसून एकेकाला फोन केले. मी ऐकलं. म्हणत होती, माझ्यासाठी या, एवढ्या एका दिवसासाठी या. वाक्यरचना मला आवडली नाही, पण अकरा जणांनी हो म्हटलं.

पाटी रंगवून घेतली. दहा फुटी. रस्त्यापलीकडून वाचता येते. ‘इथे भरलेली गाडी थांबत नाही.’


२८ एप्रिल. सकाळी ९.५०.

अपूर्व यश. लगेच लिहून ठेवतोय.

अकराच्या अकरा गाड्या आल्या. दोन्ही नोझल, झगे, हेल्मेट, शिट्टी. एकामागून एक. बावन्न सेकंद, अठ्ठेचाळीस, शेहेचाळीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जरा लवकर करा, दहाला ऑपरेशन आहे. एकेचाळीस सेकंदांत मोकळ्या. शेवटी साहेबांची स्वतःची गाडी. एकोणचाळीस. साहेब स्वतः म्हणाले, काम चटपटीत आहे, विक्रीचे आकडे वाईट आहेत पण बघू, वरती बोलून बघतो. खिडकीत ही हात जोडून उभी होती. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली.

साहेब कागद आणायला ऑफिसकडे निघालेत. अर्ध्या तासात करार हातात. साठ दिवस म्हटलं होतं, अठ्ठावन्न लागले.


२८ एप्रिल. १०.१०.

विचित्र प्रकार. माझ्याकडून निघालेली गाडी पुढच्या चौकात वळून पलीकडच्या बाजूने परत येते. तिथे समोरच्याच्या दारात वकिलाची गाडी थांबलीय. तिच्यामागे फुलवाल्या बाईंची. तिच्यामागे शाळेची बस.

फितूर. सगळे फितूर. माझ्याकडे फुकट भरून समोरच्याकडे चहाला.


२८ एप्रिल. १०.२०.

आता नऊ गाड्या. डॉक्टरीणबाई गाडीतून उतरून रस्त्यावर उभ्या आहेत आणि फोनवर बोलताहेत. समोरच्याने आपली गाडी काढली, त्यांना बसवून घेऊन गेला. लाळघोटेपणा.

साहेबांची गाडीही तिथेच. साहेब उतरलेत. म्हणजे समोरच्याशी त्यांचं साटंलोटं आहे. आज सगळंच उघड होतंय.

मास्तर नव्या गणवेशात बाहेर आला. साहेबांच्या गाडीखाली वाकला, काचेच्या बाटलीत काहीतरी काढलं. बाटली उन्हात धरली. दोघं तिच्याकडे बघताहेत. मग दोघांनी वळून माझ्याकडे बघितलं. इथून ते मला शुभेच्छा देण्यासाठी प्याला उंचावल्यासारखं दिसलं. मीही हात हलवला.


२८ एप्रिल. दुपारी १२.४५.

साहेब पायी रस्ता ओलांडून आले. मागोमाग मास्तर. साहेब म्हणाले, डिप. मी म्हटलं, आमच्याकडे ते जुनं झालंय. ही खिडकीतून बाहेर आली आणि तिने पेस्टची ट्यूब मास्तरच्या हातात दिली. ट्यूब कधीची तिच्या मुठीतच असावी, पार चेपली होती.

मास्तरने सळई सोडली. काढली. टोकापासून वीतभर लाल.

मग साहेबांनी खड्ड्यात बघितलं. मग पाइपाकडे. मग पाइपाच्या मागे मागे, हळूहळू, वर पिंपाकडे. पाइपाच्या तोंडातून खड्ड्यात थेंब पडत होते, टप टप. साहेबांनी टाकीचं नुसतंच ठेवलेलं झाकण एका बोटाने सरकवलं. विचारलं, पिंपात किती वेळा पाणी भरलं. लंबू म्हणाला, रोज बघून भरायचो, शेठ म्हणायचे बाष्पीभवन.

विचारलं, शेवटची डिप कधी. मी खरं तेच सांगितलं. ५ मार्च. त्यानंतर चोपन्न दिवस, रोज अकरा मिनिटं, एकूण नऊ तास चोपन्न मिनिटांची बचत. साहेबांनी ते शब्दशः लिहून घेतलं, परत विचारून घेतलं आणि मला सही करायला लावली. प्रभावित वाटले.

नोझलना सील ठोकून गेले. शिष्टाचार असावा.

ही पाटीखाली पायरीवर बसली होती. मी म्हटलं, काळजी करू नकोस. ती म्हणाली, मी काळजी करायची थांबले. ऐकून बरं वाटलं.


२९ एप्रिल.

पाटीवर रात्रीतून कोणीतरी कोळशाने दोन शब्द वाढवलेत. आता ती अशी वाचली जाते: ‘इथे भरलेली गाडी फार लांब थांबत नाही.’ अक्षर वकिलाचं वाटतं.

डॉक्टरीणबाईंचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं म्हणे. समोरच्याने वेळेत पोचवलं. म्हणजे माझ्यामुळे कोणाचंही काही बिघडलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.


३० एप्रिल.

कंपनीचं पत्र. तीन पानं. करार नाही. माझे शब्द जसेच्या तसे छापलेत, अवतरणचिन्हांत, दुसऱ्या पानाच्या मध्यभागी. पंपाच्या इतिहासात एवढं मानाचं स्थान कोणाला मिळालं नसेल.

मुलगी येऊन गेली. आईशी आत बराच वेळ बोलली. जावई बाहेर माझ्याशेजारी बसले होते. म्हणाले, चूक माझी, मी तेव्हा बुद्धिबळ लावायला हवं होतं.


६ मे.

टाकी उपसून धुतली. पंप तात्पुरता समोरच्याच्या ताब्यात. तात्पुरता म्हणजे पुढचा निर्णय होईपर्यंत, आणि पुढचा निर्णय पाच वर्षांनी. दोन्ही पंपांवर मॅनेजर मास्तर.

समोरच्याने पहिल्याच दिवशी येऊन हिला सांगितलं, वहिनी, खिडकी तुमचीच, तुमच्याशिवाय चालणार नाही. लंबू आणि डुलक्यालाही ठेवलं. झगे फाडून फडके केले. काचा चांगल्या पुसल्या जातात म्हणे.

माझ्याबद्दल समोरचा काही बोलला नाही. मास्तर त्याला बाजूला घेऊन गेला. मला सगळं ऐकू आलं. समोरचा म्हणाला, याला ठेवून करायचं काय. मास्तर म्हणाला, आम्ही एका दिवशी लागलो होतो कामाला. समोरचा म्हणाला, बरं, पण नोझलला हात लावायचा नाही.

निष्कर्ष: माझी सल्लागार म्हणून नेमणूक.


७ मे. सकाळी ६.४०.

सल्लागाराचं पहिलं काम: डिप. गुणवत्तेची जबाबदारी थेट माझ्यावर. चार मिनिटांत उरकलं. मास्तरने सळई बघितली. म्हणाला, अरे, पुसलीच नाहीस. परत घे.

त्याने मला अरे म्हटलं. लंबू ऐकत होता, ही ऐकत होती. मी कोणीतरी काही बोलेल म्हणून थांबलो. कोणी वर बघितलं नाही.

परत घेतली. मास्तर माझंच स्टॉपवॉच घेऊन शेजारी उभा होता. त्याने ते लावलं नाही. म्हणाला, सावकाश. सळई पुसली, उन्हात धरली, वहीत लिहिलं, सात वेढे दिले. रंग बदलला नाही. मनातल्या मनात मोजलं, अकरा मिनिटं. मास्तरने केबिनमागून आपलं जुनं स्टूल आणून माझ्यापुढे ठेवलं.

मला वाटतं, तो माझ्या वेगाला घाबरतो.

तेवढ्यात ही खिडकीतून म्हणाली, मास्तर, यांचं झालं असेल तर यांना हवेवर पाठवा.


१५ मे.

आठ दिवस हवेवर. पेट्रोलच्या दोन्ही रांगा रस्त्यापर्यंत जातात. डॉक्टरीणबाई, वकील, फुलवाल्या बाई, बस, सगळे रोज समोरून जातात. हवेला एकही गाडी आली नाही.

निष्कर्ष: रस्ते सुधारलेत.